मांडलेल्या घरातली चोरी

१

दुपारी बाराला थोरल्या भावाने, दादांनी, हॉलमधल्या टेबलाचा ड्रॉवर ओढला आणि ते ओरडलेच, "फाईल कुठाय?"

ड्रॉवर स्वच्छ पुसलेला होता आणि रिकामा होता. सकाळी दहा वाजता सगळ्यांच्या देखत त्यात निळी फाईल ठेवली होती. फाईलमध्ये काय, तर घराचं मूळ खरेदीखत. दोन वाजता घर घेणारं जोडपं वकिलाला घेऊन येणार होतं. वकील तो कागद डोळ्यांनी बघणार आणि मग सह्या. कागद नाही तर व्यवहार नाही, इतकं सरळ होतं ते.

"सापडेल हो, जातेय कुठे," मांडणीवाल्या बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. कारण हे घर त्यांनी मांडलेलं होतं, आणि मांडलेल्या घरात वस्तू हरवायला जागाच नसते.

मांडणं हाच बाईंचा धंदा. कोणाला घर विकायचं असलं की बाईंना बोलावणं येतं. बाई येतात, भिंतीवरचे फोटो उतरवतात, औषधांच्या बाटल्या, जुन्या चपला, कॅलेंडरं सगळं बाहेर काढतात, कपाटं रिकामी करतात, रंग मारून घेतात. मग पदरच्या सामानातून चार वस्तू अशा मांडतात की बघायला येणाऱ्याला वाटावं, अरे, इथे तर आपणच राहतो! त्या वस्तूंतली निम्मी नाटकातली. टोपलीतली लिंबं प्लास्टिकची. फळीवरची जाडजूड पुस्तकं म्हणजे नुसत्या पुठ्ठ्याच्या पाठी. बाईंना कमरेचं दुखणं, तरी आठ दिवसांपूर्वी लिफ्ट बंद असताना मागच्या खोलीतला पलंगसुद्धा त्यांनी एकटीने तीन मजले चढून वर आणला होता. वॉचमन तोंडात बोट घालून बघत राहिला होता.

"हॉलमध्ये कोण होतं?" दादांनी विचारलं. उत्तराची वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सरळ दाराकडे बोट केलं.

दाराशी चौकटीला शेवटचा हात मारत रंगारीमामा उभे होते. त्यांनी एकदा बोटाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं, आणि ब्रश हळूच डब्यावर आडवा ठेवला.

२

दादांनी मामांची पिशवी जमिनीवर उलटी केली. ब्रश, पट्ट्या, चिंध्या, पॉलिश पेपर, एक कंगवा. फाईल नाही.

"साडेअकराला हा रिकामे डबे टेम्पोत ठेवायला खाली गेला होता. तेव्हाच लांबवली," दादा म्हणाले. "त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने फितवलं असणार ह्याला. कमी भाव देत होता ना तो!"

"टेम्पो उघडाच आहे दादा, बघून घ्या," मामा म्हणाले.

टेम्पो बघितला, तिथेही काही नाही. पण एकदा साप म्हणून भुई धोपटायला घेतली की कोण थांबतंय! दादा गॅलरीत गेले आणि तिसऱ्या मजल्यावरून वॉचमनला ओरडून म्हणाले, "रंगाऱ्याने फाईल चोरलीय! त्याला गेटबाहेर सोडू नकोस!" समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मग दादांनी घर घेणाऱ्यांना फोन लावला आणि त्यांनाही तेच सांगितलं.

मामा एकोणीस वर्षं बाईंबरोबर होते. तीन वर्षांपूर्वी एका बंगल्यात मालकाचं घड्याळ हरवलं आणि आळ मामांवर आला. आठव्या दिवशी घड्याळ मालकाच्याच कोटात सापडलं. कोणी माफी मागितली नाही, आणि त्या अख्ख्या गल्लीत मामांना पुन्हा कोणी भिंत दिली नाही. आता साठी उलटलेली. दिवसाला दोन दारं कमी होतात, पण सफाई तीच.

"बाई," मामा हलक्या आवाजात म्हणाले, "घर विकून देणाऱ्या ह्या एजंटची शहरभर ऊठबस आहे. हा चार ठिकाणी बोलला की संपलं माझं. ह्या वयात मला दुसरं येतं काय?"

बाईंचं रक्त उसळलं. पण आरडाओरड्यात दादांशी कोण जिंकणार, म्हणून त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, दोनपर्यंत पोलिसांना बोलवू नका. मला सगळ्यांना चार प्रश्न विचारू द्या."

"तुम्हाला? तुम्ही कोण लागून गेलात?"

"कोणी नाही. पण ह्या घरातली कुठली वस्तू कुठे असायला हवी, ते माझ्याइतकं ह्या घडीला कोणालाच ठाऊक नाही."

दादांनी घड्याळ पाहिलं. "दोनला एक मिनिट जास्त नाही. मग मी आणि पोलीस."

३

एजंट गॅलरीत घाम पुसत होता. दहा ते बारा तो आणि दादा खाली सोसायटीच्या ऑफिसात दाखल्यासाठी बसले होते. सेक्रेटरी समोर होता. म्हणजे हे दोघे सुटले.

"बाई, माझं पोट ह्यावर आहे, मी कशाला फाईल पळवू?" तो म्हणाला. "आता नक्कल काढा, पेपरात नोटीस द्या, चार-सहा महिन्यांची निश्चिंती. हे जोडपं चार दिवससुद्धा थांबणार नाही."

"सह्या कोणाकोणाच्या लागणार होत्या?"

"तिघा भावंडांच्या. आई गेल्यावर घर तिघांचं झालं ना. एकाने जरी हात आखडता घेतला, तरी खेळ खलास."

बाईंनी मान डोलावली आणि त्या ताईंकडे गेल्या. ताई म्हणजे मधली बहीण, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. सबंध सकाळ त्या बेडरूमच्या खिडकीशी उभ्या राहून फोनवर शाळेच्या कारकुनाची खरडपट्टी काढत होत्या. ती बाईंनी स्वयंपाकघरात लिंबं पुसता पुसता शब्द न् शब्द ऐकली होती.

"माझ्यावर संशय आहे?" ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मला विकायचं नसतं तर मी दादाच्या तोंडावर सांगितलं असतं. मी कोणाच्या बापाला भीत नाही, एव्हाना कळलंच असेल तुम्हाला."

"कळलंय," बाई म्हणाल्या. "मग विकायचं का आहे?"

ताईंचा आवाज एकदम खाली आला. "छोटूसाठी. नऊ वर्षं आईचं सगळं त्याने एकट्याने केलं. आम्ही दोघं आपापल्या संसारात. आता त्याला मोकळं होऊ दे. त्याच खोलीत, त्याच भिंतींकडे बघत बसून काय करेल तो?"

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं की. हो म्हणाला."

"ते कधी नाही म्हणतात का?"

ताईंना हसू आलं. "छोटू? अहो, तो जन्मला तेव्हा रडायलासुद्धा तयार नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रडला. त्याच्या वाढदिवसाची सायकल दादाने वर्षभर फिरवली, तरी हा आपला मागून हवा भरून देतोय."

छोटू सेहेचाळीस वर्षांचा होता. एवढ्या मोठ्या माणसाला छोटू म्हणणं बाईंच्या जिभेवर येईना, म्हणून त्या त्याला नुसतं भाऊ म्हणायच्या. घर मांडायला मोकळं हवं म्हणून त्या म्हणाल्या त्याच दिवशी भाऊंनी एक बॅग भरली आणि ते लॉजवर राहायला गेले होते. कुरकुर नाही, काही नाही. असं गिऱ्हाईक बाईंना सबंध धंद्यात भेटलं नव्हतं. आज सकाळी ते सगळ्यांबरोबर आले आणि कोपऱ्यात उभे राहिले.

बाईंनी बोलावल्यावर ते स्वयंपाकघरात आले. अंगात ढगळ शर्ट, केस नीट विंचरलेले. बाईंनी खुर्ची ओढली. "बसा भाऊ."

"नको. बरंय उभाच."

"काय करत होतात सकाळी?"

"डोकं दुखत होतं हो. साडेदहाला मागच्या खोलीत जाऊन पलंगावर आडवा झालो. डोळा लागला तो दादाच्या ओरडण्यानेच उघडला."

"झोप लागली का चांगली?"

"हो हो. आईचीच खोली ती. लागतेच."

"नवा पलंग आहे. टोचला वगैरे नाही ना?"

"छे छे, छान आहे पलंग," भाऊ म्हणाले. "एकदम आरामशीर."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पुढे काहीच न विचारता त्या उठल्या आणि तडक मागच्या खोलीत गेल्या.

४

खोली त्यांनी मांडली होती तशीच होती. फिकट पिवळ्या भिंती, खिडकीत एक कुंडी, मधोमध पलंग. जमिनीपर्यंत सोडलेली पांढरी चादर, वर सहा उशा. बाईंनी दार लोटलं आणि चादरीवर मधोमध दोन बोटं टेकवून जरा दाबली. खालून कर्रकन आवाज आला आणि पुठ्ठ्याला खळगा पडला.

पलंग म्हणजे रिकामी खोकी होती. घड्या घालून वर आणलेली, वर आणून चिकटपट्टीने जोडलेली, वर बोटभर जाडीचा फोम आणि चादर. खोली लहान. खरा पलंग ठेवला की चालायला जागा उरत नाही आणि माणसं दारातूनच नाक मुरडतात. म्हणून बाई लहान खोलीत नेहमी खोक्यांचा पलंग करत, खऱ्यापेक्षा वीतभर आखूड आणि वीतभर बुटका. बघायला आलेल्या कोणी त्यावर बसू नये म्हणून उशांचा ढीग. तिथे मांजर झोपलं असतं तरी खड्डा पडला असता. भाऊंसारखा पुरुष आडवा झाला असता तर तो थेट फरशीवर पोचला असता.

आणि पलंग सकाळपासून जसाच्या तसा होता. एकही खोकं चेपलेलं नव्हतं.

बाई जमिनीवर बसल्या. बसायला खोलीत दुसरं होतंच काय! त्या विचार करायला लागल्या.

भाऊ खोटं बोलले, हे तर हाताच्या काकणासारखं स्पष्ट होतं. पण का? घर विकणं ज्याला नको असेल, त्याने फाईल पळवायची गरजच काय? तिघांच्या सह्या लागतात. सही करायला नाही म्हटलं की झालं, चोरीचे उपद्व्याप कशाला? दादांना नको असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. ताईंनी तोंडावर सुनावलं असतं. फाईल पळवायची पाळी फक्त अशाच माणसावर येते, ज्याच्या तोंडून नाही हा शब्द निघतच नाही.

पण थांबा. निघाला होता की. आत्ताच निघाला होता. आयुष्यात कशाला नाही न म्हणणारा माणूस खुर्चीला नाही म्हणाला होता. सकाळी अंग दुखेपर्यंत झोपलेला माणूस उभा राहतो, एक वेळ समजू. पण पिशवी उलटी केली, टेम्पो बघितला, तरी बारापासून एकदाही न टेकता? पाठीला कसली फळी बांधल्यासारखा ताठ?

बाईंनी दार उघडून हाक मारली. "भाऊ, जरा इकडे येता?"

"आलो." अर्थातच आले.

"ह्या पलंगावर बसून दाखवता?"

"बरं," म्हणून भाऊ दोन पावलं पुढे आले. मग त्यांना चादरीतला खळगा दिसला, खळग्यातून वर आलेला पुठ्ठ्याचा कोपरा दिसला. ते जागच्या जागी थिजले.

"खोकी आहेत ती," बाई म्हणाल्या. "काढा बघू फाईल. घामाने कागद खराब होतील."

भाऊंनी शर्टामागे हात घातला आणि निळी फाईल बाहेर काढली. चारी कोपरे हाताने सारखे केले, तेव्हा कुठे ती बाईंना दिली.

"मामा डबे घेऊन खाली गेले तेव्हा हॉलमध्ये कोणी नव्हतं," ते म्हणाले. "घेतली आणि इथे दाराआड येऊन उभा राहिलो. टेकता येईना. चुरगळली असती."

"पण का हो?"

"मला इथेच राहायचंय." भाऊ खिडकीकडे वळले. "लॉजवर पहाटे पाचला जाग येते. आईला पाणी द्यायची वेळ. मग लक्षात येतं. इथे असलो की निदान उठून खिडकी उघडतो, दोन भांडी घासतो, लायब्ररीत कामाला चालत जातो. ही खोली मला खायला उठत नाही बाई. लोकांना वाटतं तसं नाही ते. मला आवडतं इथे. एवढंच आहे, दुसरं काही नाही."

बाईंना त्यांची दया आली. रागही आला, आणि राग मोठा होता.

"आणि मामा? दीड तास तो म्हातारा माणूस चोर म्हणून उभा आहे बाहेर. तुम्ही बघत होतात."

"हो."

"एक शब्द बोलला नाहीत."

"नाही बोललो. फाईल दिसली नाही की आजचं टळेल, एवढंच डोक्यात होतं. कोणावर आळ येईल हे सुचलंच नाही. आणि दादा एकदा सुरू झाला की माझी जीभ टाळ्याला चिकटते." त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही सांगाल का त्यांना?"

"मुळीच नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर ती चोरी होईल. तुम्ही सांगितलंत तर नकार होईल. काय पाहिजे ते तुम्ही ठरवा. दोनला पंधरा मिनिटं आहेत."

५

भाऊ हॉलमध्ये आले आणि त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. दादा, ताई, एजंट तिघेही उठून उभे राहिले. मामा दाराशी होते, ते जागचे हलले नाहीत.

"मामांनी नाही घेतली. मी घेतली."

"तू?" दादा म्हणाले. "कशाला?"

भाऊंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बाईंच्या मनात आलं, गेला हा, आता बरं म्हणतोय.

"मला घर विकायचं नाही."

ताई मटकन खुर्चीत बसल्या. "अरे वेड्या, मग सही करू नकोस! तुझ्या सहीवाचून पान हलत नाही. नुसतं नाही म्हणायचंस."

"तेच तर म्हणता येत नव्हतं ना," भाऊ म्हणाले.

दादांचा चेहरा लाल झाला होता, पण ओरडायला त्यांना आवाज सापडेना. "अरे, तुझ्यासाठी चाललं होतं हे सगळं! तू ह्या खोल्यांतून सुटावंस म्हणून. मला काय हौस आहे आईचं घर विकायची? मी रात्र रात्र..." ते थांबले. "मला एकदा सांगायचंस छोट्या."

"तू विचारलंस तेव्हा गाडीची चावी हातात होती तुझ्या."

तेवढ्यात बेल वाजली. एजंटने डोक्याला हात लावला. दादा सवयीने दाराकडे निघाले.

"थांब," भाऊ म्हणाले. "मी बघतो."

दारात घर घेणारं जोडपं उभं होतं, मागे वकील. नवऱ्याच्या हातात पडद्यांची मापं घ्यायची टेप होती. बायको हसून म्हणाली, "सापडली का हो फाईल?"

"सापडली," भाऊ म्हणाले. "या, आत या. पाणी आणू?"

ताईंनी कपाळावर हात मारला. तिघे आत आले. भाऊंनी त्यांना खुर्च्या दिल्या, आणि स्वतः समोर उभे राहून एक मोठा श्वास घेतला.

"घर विकायचं नाहीये. तुम्हाला फार आवडलं होतं, माहितीये मला. तुमचा वेळ फुकट गेला, त्याची माफी मागतो. पण नाही."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. बायको धोरणी होती. "भाव जरा वाढवून दिला तर?"

"नाही," भाऊ म्हणाले. ह्या खेपेला श्वास घ्यायला लागला नाही.

वकिलाने बॅग मिटली. जाता जाता नवऱ्याची नजर मामांवर गेली. "फोनवर म्हणालात, ते रंगारी हेच का?"

मामा फरशीकडे बघत होते.

"हेच ते," भाऊ म्हणाले. "ह्यांनी काही घेतलं नाही. फाईल मी लपवली होती. ह्यांच्यावर आळ आला तेव्हा मी इथेच होतो, आणि गप्प बसलो. चोर म्हणायचं तर मला म्हणा." बोलता बोलता ते मामांकडे वळले. "मामा, माझं चुकलं. फार चुकलं."

मामांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. पाहुणे गेले. एजंटही पायऱ्या उतरत "काय लोक असतात" असं काहीसं पुटपुटत गेला, पण बाईंनी त्याला जिन्यात गाठून मामांबद्दल काय बोलायचं आणि काय नाही ते नीट समजावून दिलं. ह्या एजंटची वर्षाला दहा घरं बाईच मांडायच्या, त्यामुळे त्याला ते लगेच समजलं.

त्या वर आल्या तेव्हा दादा मामांसमोर उभे होते. मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"मामा, मी घाई केली," दादा म्हणाले. "चुकलो."

"चुकलात," मामा म्हणाले. "पण तुम्ही मला चोर म्हणालात ते ह्या खोलीत नाही म्हणालात, दादा. गॅलरीतून म्हणालात. खाली त्या वॉचमनला सांगा. मी रोज त्याच्यासमोरून जातो-येतो."

"सांगतो. उद्या सांगतो."

"आत्ता."

दादांनी चपला पायात सरकवल्या आणि ते तीन मजले उतरून गेले. मामा गॅलरीत जाऊन कठड्याला टेकले. बाई त्यांच्या शेजारी, भाऊ मागे. खाली दादा वॉचमनच्या खुर्चीपाशी पोचले, हात हलवून काहीतरी बोलू लागले. वॉचमन उठून उभा राहिला, त्याने वर बघितलं आणि मामांना हात केला.

"सांगितलं त्यांनी," मामा म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी मोठ्याने श्वास सोडला.